चादरीवरून लेहला लोणी जायचं तेव्हा

गेली दोन-तीन वर्षं हिवाळा आला की माझ्या वॉलवर एकाच सुराच्या पोस्ट दिसायला लागतात. ‘चादर ट्रेक संपला’, ‘रस्त्याने चादर खाल्ली’, ‘शेवटची संधी, आत्ताच बुकिंग करा’. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. लिहिणारे बरेचसे आपलेच लोक असतात. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, कोल्हापूरचे, सह्याद्रीत पाय घट्ट झाल्यावर हिमालयाकडे वळलेले. त्यांची हळहळ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मीही २०१३च्या फेब्रुवारीत त्या गोठलेल्या नदीवरून चाललोय, ते काय प्रकरण आहे हे मला माहीत आहे. पण या हळहळीत एक गोष्ट कुणी लिहीत नाही. आपण तिथे जायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो एका अख्ख्या खोऱ्याचा हिवाळ्यातला रस्ता होता. रस्ता म्हणजे अगदी रस्ताच, बाजाराला जायचा, शाळेत जायचा, दवाखान्यात जायचा. आणि त्या रस्त्यावरून चालणारी माणसं पिढ्यानपिढ्या दुसरा, बरा रस्ता मागत होती. तो इतिहास जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. झांस्कर हे लडाखच्या दक्षिण-पश्चिम भागातलं खोरं. पदुम हे त्यातलं मुख्य गाव, साधारण ३,६०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई एकावर एक दोनदा ठेवलं तरी पदुमच्या खालीच राहील. स्तोद आणि लुंगनाक या दोन नद्या पदुमजवळ एकत्र येतात, त्यांची झांस्कर नदी होते आणि ती उत्तरेकडे डोंगर कापत जाऊन निम्मूला सिंधूला मिळते. निम्मू लेहपासून ३५ किलोमीटरवर.

आता या खोऱ्यातून बाहेर पडायचं कसं? पश्चिमेला पेन्सी ला, ४,४०० मीटर. तिकडून सुरू खोऱ्यात आणि मग कारगिलला. दक्षिणेला शिंकू ला, पाच हजार मीटरच्या वर, पलीकडे हिमाचलचं लाहौल. आणखी एक उमासी ला, तिकडून किश्तवाडकडे. उत्तरेला लामायुरूकडे जायचं तर एक नाही, तीन-चार खिंडी ओलांडायच्या, त्यातली सिंगे ला पाच हजार मीटरच्या आसपास. ‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंडच. नोव्हेंबरपासून मेपर्यंत या सगळ्या खिंडी बर्फाने बुजलेल्या. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने दारं बंद.

राहिली नदीची घळ. उन्हाळ्यात तिच्यातून माणूस जाऊच शकत नाही. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधे खवळलेलं पाणी, काठ असा नाहीच. हिवाळ्यात थंडी उणे पंचवीस-तीसवर गेली की त्याच पाण्यावर बर्फाचा थर धरतो. या थराला चादर म्हणतात. सगळी दारं बंद झाल्यावर उघडणारं हे एक दार, आणि तेही जेमतेम दोन महिन्यांचं. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत धरून चाला.

फोटो बघून अनेकांना वाटतं की नदी काचेसारखी आरपार गोठते आणि आपण वरून चालत सुटतो. तसं नसतं. खालून नदी वाहतच असते, तिचा आवाज पायाखाली ऐकू येतो. बर्फ काठाने धरतो, मधे बऱ्याच ठिकाणी पाणी उघडं असतं. आज आहे तो थर उद्या असेलच असं नाही. एखादी रात्र ढगाळ गेली, उष्णता अडकून राहिली, की सकाळी थर पातळ. एखाद्या वळणावर पाणी वर चढून येतं आणि बर्फावर घोटाभर गारेगार चिखल होतो. तिकडचे लोक हातातल्या काठीने पुढचा बर्फ ठोकत चालतात. आवाज भरीव आला तर पाऊल, पोकळ आला तर वळसा. पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं. आपण पहिल्या दिवशी दहा वेळा आपटतो आणि दुसऱ्या दिवशी ते शिकतो. जिथे बर्फ नाही तिथे कड्याला चिकटून वरून जायचं, नाहीतर बूट काढून पाण्यातून.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तर हे सगळं आणखी अवघड होतं. सकाळी जिथून आलो ती जागा दुपारी उन्हाने कुजलेली असते. ‘कुजलेला बर्फ’ हा शब्द मी तिथे शिकलो आणि तो अगदी बरोबर आहे. वरून पांढरा, जाड दिसतो, आतून भुसभुशीत. आमच्या परतीच्या वाटेवर एका अरुंद जागी चादर रात्रीतून वाहूनच गेली होती. पोर्टर मंडळी निवांत बसली. घाई कुणालाच नाही. रात्री पुन्हा थंडी पडली, पहाटे काठाला हातभर रुंदीची पट्टी धरली आणि तिच्यावरून आम्ही एकेक जण गेलो. आम्हाला फक्त लेहचं विमान गाठायचं होतं. जुन्या काळी हीच अडचण कुणाला येत असेल तर तिचा अर्थ फार वेगळा होता.

तो अर्थ समजायला लोण्याकडे वळावं लागेल.

झांस्करमध्ये पिकतं काय? सातू, वाटाणा आणि थोडंफार इतर. उन्हाळा इतका लहान की एकच पीक. खरी संपत्ती जनावरांची. याक, आणि याक आणि गाईच्या संकरातून झालेले झो-झोमो. उन्हाळ्यात घरातल्या बाया जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर जातात, तिथे त्यांच्या दगडी झोपड्या असतात, त्यांना डोक्सा म्हणतात. महिनोन् महिने दूध काढणं, घुसळणं, लोणी आणि सुकवलेलं चीज साठवणं. या लोण्याला लेहमध्ये मोठी मागणी. लडाखी घरात चहा लोणी-मीठ घालून घुसळलेला, गोम्पांमधले दिवे लोण्याचे, पाहुणा आला की लोणी, लग्न असलं की लोणी. लेहच्या परिसरात माणसं जास्त आणि चराई कमी. त्यामुळे झांस्करचं लोणी तिथे हातोहात जायचं.

आता उन्हाळ्यात हे लोणी न्यायचं तर तीन-चार खिंडी चढून-उतरून जायचं. शिवाय उन्हाळ्यात शेताची कामं, माणूस मोकळा नाही. हिवाळ्यात काम नाही, लोणी दगडासारखं घट्ट राहतं आणि नदीची वाट सपाट. म्हणून गावातले पुरुष पाच-दहा जणांच्या टोळीने निघायचे. पाठीवर लोणी, सोबत भाजलेल्या सातूचं पीठ, चहा, सरपणाची थोडी काटकं. रात्र कड्यातल्या गुहेत. या गुहा ठरलेल्या, त्यांची छपरं पिढ्यांच्या धुराने काळी झालेली. आम्हीही त्यातल्या एका गुहेत राहिलो. छताला हात लावला तर बोटाला काजळीचा जाड थर आला. बर्फ नीट असेल तर आठवड्याभरात लेह. तिथे लोणी विकायचं, चहा, साखर, कापड, भांडी घ्यायची आणि लगेच मागे फिरायचं.

लगेच हा शब्द महत्त्वाचा. कारण लेहच्या बाजारात चार दिवस जास्त रेंगाळलो आणि मागे चादर फुटली तर? तर खिंडी उघडेपर्यंत घरी जाता येत नाही. म्हणजे पेरणीच्या वेळी घरचा पुरुष लेहमध्ये, हातचे पैसे खाऊन बसलेला. म्हणून हिवाळा सरताना या वाटेवरची परतीची खेप सगळ्यात धोक्याची आणि तरीही टाळता न येणारी. आपण ज्याला ‘सीझनची शेवटची बॅच’ म्हणतो, त्याला त्यांच्याकडे हा असा इतिहास आहे.

या व्यापाराचं बाहेरच्या माणसाने केलेलं फार चांगलं वर्णन जेम्स क्राउडन या इंग्रज लेखकाचं आहे. तो तरुण असताना १९७६-७७चा अख्खा हिवाळा झांस्करमध्ये राहिला. तेव्हा पदुमपर्यंत गाडीरस्ता नव्हता. लोणी घेऊन लेहला निघालेल्या लोकांबरोबर तो या बर्फावरून चालला. त्यावरचं त्याचं ‘द फ्रोझन रिव्हर’ हे पुस्तक मात्र २०२० साली आलं. ज्यांना चादरीबद्दल खरंच प्रेम आहे त्यांनी दहा रील बघण्याऐवजी ते वाचावं. ट्रेक म्हणून नव्हे, कामधंदा म्हणून ही वाट कशी होती हे त्यातून कळतं.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एका परक्या माणसाचं सांगतो. अलेक्झांडर चोमा द कोरोश हा हंगेरियन, आपल्या लोकांचं मूळ आशियात कुठे सापडतं का ते शोधायला म्हणून पायी निघालेला. १८२३च्या उन्हाळ्यात तो झांस्करमधल्या झांगला गावी आला आणि एका लामाकडून तिबेटी भाषा शिकत पुढच्या वर्षीच्या शरदापर्यंत तिथे राहिला. हिवाळ्याचे तीन-चार महिने तो, त्याचा गुरू आणि एक नोकर अशी तीन माणसं नऊ फूट बाय नऊ फुटांच्या खोलीत कोंडलेली होती. बाहेर बर्फ, आत शेगडी नाही. त्या अभ्यासातून पुढे तिबेटी-इंग्रजी कोश तयार झाला, तो १८३४ साली कलकत्त्याला छापला गेला. जगातल्या तिबेटी अभ्यासाचा पाया घातला गेला तो या बंद दाराआड. मला ही गोष्ट आवडते, पण ती सांगताना एक आठवण ठेवतो. चोमाने एक हिवाळा तिथे काढला म्हणून त्याचं नाव झालं. झांगलाची माणसं दर वर्षीच काढत होती.

असो. १९७४ साली लडाख परदेशी पर्यटकांसाठी उघडलं. १९८०च्या सुमारास कारगिलहून पेन्सी ला ओलांडून पदुमपर्यंत गाडीरस्ता झाला, सुमारे २३५ किलोमीटरचा. उन्हाळ्यात ट्रक यायला लागले. धान्य, रॉकेल, सिमेंट, पत्रे आले. पाठीवर लोणी वाहून नेण्याचं कारण हळूहळू कमी होत गेलं. पण हा रस्ता उन्हाळ्याचाच. पेन्सी लावर बर्फ पडला की तो बंद. हिवाळ्यात झांस्करी माणूस पुन्हा नदीवर.

फक्त पाठीवरचं ओझं बदललं. आता लोण्याऐवजी मुलं. झांस्करमध्ये शाळा होत्या, पण वरच्या वर्गांची सोय आणि चांगले शिक्षक लेहला. हिवाळ्याच्या सुट्टीला घरी आलेली मुलं, किंवा पहिल्यांदाच वसतिगृहात निघालेली सहा-सात वर्षांची पोरं, बापाचा हात धरून याच बर्फावरून लेहला जायची. जिथे बर्फ नसेल तिथे बाप पोराला पाठीवर घेऊन पाण्यात उतरायचा. बीबीसीच्या २०११च्या ‘ह्यूमन प्लॅनेट’ मालिकेत हे चित्रण आहे, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ‘जगातली सगळ्यात धोकादायक शाळेची वाट’ असं म्हणून ते तुकडे आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आपण ते बघून बापाच्या जिद्दीला सलाम ठोकतो. त्या बापाला सलाम नको होता, गावात दहावीपर्यंतची धड शाळा हवी होती. नसेल तर शाळेपर्यंतचा रस्ता.

आणि आजारपण. २०१३ला आमच्याबरोबर एक चाळिशीतला पोर्टर होता, अबोल, सगळ्यात जड स्लेज तोच ओढायचा. एका रात्री शेकोटीपाशी कुणीतरी त्याला विचारलं की रस्ता झाला तर तुमचा हा धंदा बसेल, मग काय करणार? प्रश्न आमच्यातल्याच एकाचा, त्यात वाईट हेतू नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने त्याच्या बहिणीचं सांगितलं. तिचं बाळंतपण फेब्रुवारीत अडलं होतं. हेलिकॉप्टरसाठी निरोप गेला, पण ढग हटेनात. तिसऱ्या दिवशी चार जणांनी तिला स्लेजवर बांधून नदीवर उतरवलं. तो त्या चौघांपैकी एक. मी विचारलं, पोहोचली का? म्हणाला, “बहन पहुँच गयी. बच्चा नहीं.” मग उठून चहाचं भांडं घासायला गेला.

त्यानंतर आमच्यापैकी कुणी रस्त्याबद्दल काही विचारलं नाही.

ट्रेकमुळे झांस्करला काहीच मिळालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. गेल्या वीसेक वर्षांत चादर ट्रेकला जी गर्दी झाली, तिच्यामुळे ऐन हिवाळ्यात, जेव्हा दुसरं कुठलंच काम नसतं तेव्हा, खोऱ्यातल्या तरुणांच्या हातात रोख पैसा आला. ज्या वाटेवरून त्यांचे बाप लोणी नेत होते त्याच वाटेवरून ते आपल्या सॅक आणि गॅसच्या टाक्या न्यायला लागले. बर्फ वाचायची विद्या तीच, गिऱ्हाईक नवं. आपल्याकडे नाणेघाटाचं काय झालं ते आठवा. एकेकाळी जकात गोळा करणारा घाट, आज शनिवार-रविवारी आपण तिथल्या दगडी रांजणाशेजारी उभं राहून फोटो काढतो. फरक इतकाच की जुन्नरकरांना घाट उतरायला माळशेजचा रस्ता मिळाल्यावर नाणेघाट ट्रेकर्सचा झाला. झांस्करमध्ये पर्यायी रस्ता मिळण्याआधीच आम्ही पोहोचलो आणि त्या वाटेला सुंदर म्हणायला लागलो.

गर्दीचे त्रासही झाले. घळीत मावतात किती माणसं? त्यात प्लास्टिक, त्यात उघड्यावरचे विधी, त्यात शेकोट्यांसाठी काठावरची आधीच तुटपुंजी झुडपं तोडणं. दिल्लीहून तासाभरात ३,५०० मीटरवर उतरून दुसऱ्याच दिवशी बर्फावर जाणारे उत्साही वीर, आणि मग विरळ हवेने होणारे आजार, काही मृत्यूही. त्यानंतर लेहमध्ये सक्तीचा मुक्काम, वैद्यकीय तपासणी, परवाने असे नियम आले. ते यायलाच हवे होते.

आता रस्त्याकडे येतो. निम्मूकडून घळीत रस्ता खोदण्याचं काम बरीच वर्षं चालू होतं. सीमा सडक संघटनेचे लोक त्या उभ्या कड्यांत सुरुंग लावत दर वर्षी थोडं आत सरकायचे, आणि ट्रेकची सुरुवात तेवढी पुढे सरकायची. आधी चिलिंग गावापासून चालायचे, मग तिलत सुमदो, मग आणखी आत. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर वर यंत्रं दिसायची आणि सुरुंगाचे दगड खाली चादरीवर येऊन पडलेले असायचे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने कपाळाला हात लावला होता, ‘काय वाट लावलीय!’

दुसऱ्या टोकाला, दक्षिणेत, एक वेगळीच कहाणी घडत होती आणि या सगळ्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती तीच आहे. स्तोंगदे गावचे त्सुलत्रिम चोंजोर. लोक त्यांना मेमे म्हणतात, मेमे म्हणजे आजोबा. सरकारी हस्तकला खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले हे लामा. लुंगनाक खोऱ्यातली गावं झांस्करमधलीही सगळ्यात अडगळीची. पदुमला येणंच अवघड, मग लेह-कारगिल कुठलं. शिंकू ला ओलांडला की हिमाचल जवळ, पण रस्ता नाही. सरकार करत नाही म्हटल्यावर मेमेंनी सत्तरी ओलांडल्यानंतर स्वतःची मालमत्ता विकली, यंत्र विकत घेतलं आणि २०१४ ते २०१७ या काळात रामजक ते कारग्याक असा ३८ किलोमीटरचा रस्ता खणायला घेतला. स्वतःचे ५७ लाख रुपये घातले. सोबतीला थोडे गावकरी आणि सामान वाहायला गाढवं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पद्मश्रीची बातमी आपल्याकडे ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून फिरली. मला त्यात जिद्दीइतकीच लाज दिसते. खाजगी माणसाने आयुष्याची पुंजी मोडून सार्वजनिक रस्ता करावा आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, यात कुणाचं तरी काम दुसऱ्याने केलंय एवढं तरी लक्षात यायला हवं.

या मधल्या वर्षांत एक संकट येऊन गेलं त्याचाही उल्लेख करतो. ३१ डिसेंबर २०१४च्या सुमारास फुगताल गोम्पाच्या बाजूला नदीत डोंगराचा कडा कोसळला आणि प्रवाह अडला. मागे काही किलोमीटरचं तळं साठलं. ऐन हिवाळ्यात तिथे यंत्र नेणार कसं? तज्ज्ञ, सैन्य, हेलिकॉप्टर सगळं झालं, पाण्याला वाट करून देण्याचा प्रयत्नही झाला. शेवटी ७ मे २०१५ला तो बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. लोकांना आधीच हलवलेलं होतं, त्यामुळे जीव वाचले. पण एक पूल गेला की पलीकडचं गाव किती एकटं पडतं हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसलं.

२५ मार्च २०२४ला, म्हणजे हिवाळा सरता सरता, निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडला गेला. त्यावर एकच खिंड, १६,५५८ फुटांवरची शिंकू ला. तिच्याखालून ४.१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने उडवला गेला. बोगदा झाला की मनालीकडून अटल बोगदा, तिथून दारचा, शिंकू ला, पदुम आणि निम्मू असा बारमाही रस्ता होईल. श्रीनगर-लेह आणि मनाली-लेह यांच्यानंतरचा हा लडाखचा तिसरा मार्ग.

सरकारी निवेदनांत या रस्त्याला पहिलं विशेषण ‘सामरिक’ हे लागतं. ते चूकही नाही. हा मार्ग सीमेपासून आत आहे, एकच खिंड आहे, सैन्याची रसद त्यावरून सुरक्षित जाईल. मला मात्र तो शब्द वाचला की त्या पोर्टरची बहीण आठवते. माणसांची मागणी किती दशकं पडून राहिली आणि २०२०नंतर सीमेवर तणाव वाढल्यावर यंत्रणा किती पटापट हलली, हे शेजारी ठेवून बघा. रस्ता कुणाच्या का कारणाने होईना, झाला हे चांगलंच. पण उद्या त्याची देखभाल, हिवाळ्यात बर्फ हटवणं, अ‍ॅम्ब्युलन्स, पदुमच्या दवाखान्यात डॉक्टर टिकणं हे सगळं सैन्याच्या गरजेवर चालणार की लोकांच्या, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. २६ ऑगस्ट २०२४ला केंद्राने लडाखमध्ये पाच नवे जिल्हे जाहीर केले, त्यात झांस्कर आहे. एरवी कुठल्याही दाखल्यासाठी कारगिल गाठावं लागणाऱ्या लोकांसाठी ही साधी बाब नाही. फक्त जिल्हा जाहीर होणं आणि जिल्ह्याचं कार्यालय, दवाखाना, न्यायालय चालू होणं यातलं अंतर आपल्याला महाराष्ट्रात चांगलंच ठाऊक आहे.

रस्त्याने सगळं गोड होईल असंही नाही. पर्यटनाचा पैसा आता पोर्टरच्या पाठीऐवजी टॅक्सी आणि हॉटेलांतून येईल. ज्याच्याकडे गाडी घ्यायला भांडवल आहे त्याला तो मिळेल, ज्याच्याकडे फक्त पाठ होती त्याचं काय? लेहमध्ये जे झालं, हॉटेलं, बोअरवेल, कचऱ्याचे ढीग, ते पदुमला टाळता येईल का? पाण्याची तर आधीच ओढ आहे. झांस्करमधलं कुमिक हे फार जुनं गाव, त्याला पाणी देणारा बर्फ कमी होत गेला, ओढा आटला आणि गावकऱ्यांना खाली नदीच्या बाजूला नवी वस्ती करायला लागावं लागलं. जोनाथन मिंगल या अमेरिकन पत्रकाराने त्यावर २०१५ साली ‘फायर अँड आइस’ हे पुस्तक लिहिलंय. म्हणजे चादरीला धोका फक्त रस्त्याचा नाही. जो बर्फ कुमिकच्या डोंगरावर टिकला नाही, तो नदीवर दर वर्षी जाड धरेल याची खात्री कोण देणार? रस्त्याला शिव्या देणाऱ्या पोस्टमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो, कारण त्यात आपल्या विमानाचा धूरही मोजावा लागतो.

कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. ट्रेक पूर्ण बंद झालेला नाही. आता रस्त्याने आत बरंच जाता येतं आणि तिथून नेरकच्या गोठलेल्या धबधब्याच्या बाजूला काही दिवस बर्फावरून चालतात. त्या त्या वर्षी बर्फ कसा धरलाय त्यावर प्रशासन परवानगी देतं, आणि ‘आज जाऊ नका’ म्हटलं तर जायचं नाही. लेहमध्ये सांगितलेला मुक्काम पूर्ण करा, तपासणीत रक्तातला ऑक्सिजन कमी निघाला तर हुज्जत घालू नका. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग कुणी स्वस्तात देत असेल तर का देतोय ते विचारा. आणि रात्री शेकोटीपाशी बसलात की बरोबरच्या पोर्टरांपैकी जो वयाने मोठा असेल त्याच्याशी बोला. रस्ता झाल्याचं वाईट वाटतं का, हे विचारू नका. त्याच्या वडिलांनी एका खेपेला लेहला किती लोणी नेलं होतं आणि परत येताना घरी काय आणलं होतं, ते विचारा.